सरळ पट्ट्यांचा गोलाकार मनोरा : पोलिबिनो गावची पाण्याची टाकी

एसटीने एखाद्या गावाला जाताना गाव यायच्या आधी काय दिसते? पूर्वी देवळाचा कळस दिसे. आता बहुधा पाण्याची टाकी दिसते. सहा-आठ खांब, मध्ये आडव्या तुळया, वर सिमेंटचा गोल हंडा, बाजूने चढत गेलेली लोखंडी शिडी. हे दृश्य इतके नेहमीचे आहे की, ती टाकी अशीच का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही तो विचारला. ‘टाकी उंचावर का?’ याचे उत्तर सर्वांनी तात्काळ दिले. ‘तिच्या खांबांना मध्येच त्या आडव्या तुळया कशासाठी?’ या प्रश्नाला मात्र बराच वेळ शांतता होती.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना आम्हाला नेहमी एका दूरच्या गावची टाकी आठवते. रशियात डॉन नदीकाठी दान्कोव्ह नावाचे एक छोटे शहर आहे. त्याच्या परिसरात, आजच्या लिपेत्स्क प्रांतात, पोलिबिनो हे खेडे आहे. तेथे १८९६ साली बांधलेला पाण्याचा मनोरा आजही उभा आहे. त्याला खांब असे नाहीतच. बारीक लोखंडी पट्ट्यांची विणलेली एक उंच, कंबरेत बारीक होत गेलेली टोपली आणि तिच्या तोंडावर ठेवलेली टाकी, असे त्याचे रूप. या आकाराचा हा जगातला पहिला मनोरा. अशी वस्तू एका खेड्यात कशी आली, ही हकीकत आधी सांगतो.

१८९६ साली व्होल्गा नदीवरच्या निझ्नी नोव्हगोरोद या शहरात अखिल रशियाचे औद्योगिक व कलाप्रदर्शन भरले होते. प्रदर्शनाला पाणीपुरवठा हवा, म्हणून उंच टाकी हवी. तिची जबाबदारी ज्यांच्याकडे आली ते व्लादिमीर ग्रिगोर्येविच शुखोव्ह हे त्या वेळी त्रेचाळीस वर्षांचे अभियंते होते. मॉस्कोच्या तंत्रशाळेतून १८७६ साली ते बाहेर पडले. बाकूच्या तेलक्षेत्रात नळमार्ग टाकण्याचे आणि जड तेल तापवून त्यापासून हलके तेल मिळवण्याचे काम त्यांनी केले. या दुसऱ्या पद्धतीचे पेटंट त्यांना १८९१ साली मिळाले. याच प्रदर्शनात त्यांनी लोखंडी जाळीची छपरे असलेली आठ दालनेही उभारली होती. पण लोकांच्या नजरेत भरला तो मनोरा. प्रदर्शन आटोपल्यावर काचकारखान्यांचे मालक युरी नेचायेव्ह-माल्त्सोव्ह यांनी तो विकत घेतला, सुटा करून आपल्या पोलिबिनो येथील जमीनदारीच्या गावी नेला आणि पुन्हा उभा केला. मॉस्कोतील प्रसिद्ध पुश्किन कलासंग्रहालय उभे राहिले ते बऱ्याच अंशी याच गृहस्थांच्या पैशातून. तेव्हा सुंदर वस्तू ओळखण्याची नजर त्यांना होती, असे म्हणायला हरकत नाही. मात्र मनोरा त्यांनी शोभेसाठी ठेवला नाही. त्यातून वाड्याला आणि बागांना पाणी दिले.

आता आकडे पाहू. जाळीच्या मनोऱ्याची उंची सुमारे २५ मीटर. वरची टाकी आणि तिच्यावरचा सज्जा धरून एकूण उंची सुमारे ३७ मीटर. तळाच्या कड्याचा व्यास सुमारे ११ मीटर, वरच्या कड्याचा सुमारे ४ मीटर. टाकीत साडेनऊ हजार ‘वेद्रो’ पाणी मावे. वेद्रो म्हणजे रशियन बादली, सुमारे बारा लिटरची. म्हणजे पाणी झाले १ लाख १४ हजार लिटर. आपल्याकडे २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई रोज ५५ लिटर पाण्याचा निकष धरला आहे. त्या हिशेबाने दोन हजारांवर वस्तीच्या गावाला एक दिवस पुरेल एवढे हे पाणी आहे. म्हणजे टाकी खेळण्यातली नव्हे, आपल्या ओळखीच्या गावटाकीएवढीच होती.

उंचीचा हिशेब वर्गात चटकन करता येतो. पाण्याच्या १० मीटर उंच स्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ १ किलोग्रॅम असतो. २५ मीटरवरून उतरलेले पाणी जमिनीवरच्या नळाशी अडीच किलोग्रॅमच्या दाबाने पोचते. वाटेत नळाच्या घर्षणात थोडा दाब जातो. टाकी रुंद की अरुंद, त्यात पाणी किती, याचा या दाबाशी संबंध नाही; संबंध फक्त उंचीशी. पंप चालेल तेव्हा पाणी वर चढवून ठेवायचे आणि पंप बंद असताना ते आपल्या वजनाने घरोघर जाऊ द्यायचे, एवढेच टाकीचे काम. आपल्या खेड्यांत वीज कोणत्या वेळी येते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पण याचाच अर्थ असा की १ लाख १४ हजार किलो, म्हणजे ११४ टन वजन आठमजली इमारतीच्या उंचीवर धरून ठेवायचे. दहा टनी मालाचे अकरा ट्रक एकावर एक रचले असे समजा. शुखोव्ह यांनी हे वजन ८० लोखंडी अँगलांवर पेलले. भागाकार केला तर एकेका अँगलाच्या वाट्याला पाण्याचे सुमारे १४२५ किलो येतात. अँगल तिरपे असल्याने प्रत्यक्ष जोर याहून थोडा अधिक, शिवाय टाकीचे स्वतःचे वजन आहेच. लोखंडाच्या ताकदीच्या मानाने हा आकडा मुळीच मोठा नाही. मग अडचण कोठे आहे?

अडचण लांबीत आहे. ३० सेंटिमीटरची प्लॅस्टिकची फूटपट्टी घ्या. ती किराणा तोलायच्या तबकाच्या काट्यावर उभी धरा आणि वरून हळूहळू दाबा. काही वेळ काटा सरकत राहील, पट्टी सरळ राहील. मग एकाएकी पट्टी मधोमध फुगून वाकेल. पट्टी मोडलेली नाही, चिरडलेली नाही. ती बगल देऊन निसटली आहे. उंच, सडपातळ खांब निकामी होतात ते बहुधा असे. आता एका विद्यार्थ्याला पट्टीच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी बोट टेकवायला सांगा. जोर लावायचा नाही. पट्टीला बाजूला सरकू द्यायचे नाही, एवढेच. पुन्हा दाबा. आता पट्टी वाकण्यापूर्वी काटा पहिल्यापेक्षा कितीतरी पुढे जातो. ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडलेल्या नियमानुसार मोकळी लांबी निम्मी झाली की खांब चौपट भार सहन करतो, एक तृतीयांश झाली की नऊपट. आपल्या काट्यावर नेमके चार हा आकडा येणार नाही, पण तिपटीच्या पलीकडे सहज जाते. शिबिरातल्या न सुटलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच. गावच्या टाकीच्या खांबांना जोडणाऱ्या आडव्या तुळया म्हणजे पट्टीला टेकवलेली बोटे. वाऱ्याचा आणि भूकंपाचा आडवा धक्का सर्व खांबांनी मिळून सोसावा, हेही त्यांचे काम आहे.

शुखोव्ह यांनी ही बोटे जागोजाग पुरवली, आणि त्यासाठी वेगळे लोखंड फारसे वापरले नाही. त्यांच्या मनोऱ्यात ८० अँगलांपैकी निम्मे एका बाजूला कललेले आहेत, निम्मे दुसऱ्या बाजूला. त्यामुळे प्रत्येक अँगल वर जाताना विरुद्ध दिशेच्या अनेक अँगलांना ओलांडतो. जेथे ओलांडतो तेथे दोघे रिव्हेटने जखडलेले. म्हणजे प्रत्येक पट्टी ही दुसरीचा खांबही आहे आणि बोटही. शिवाय आतून आठ आडवी कडी आहेत. तिरपे दोन अँगल आणि आडवे कडे मिळून त्रिकोण होतात. चार काड्यांची चौकट कोपऱ्यात दाबली तर कलते, तीन काड्यांचा त्रिकोण कलत नाही, हे आपण प्राथमिक शाळेतच दाखवतो. वरपासून खालपर्यंत असे त्रिकोणच त्रिकोण असल्यामुळे मनोरा ताठ राहतो. आणि जाळीतून वारा आरपार जातो. भरीव भिंतीला वाऱ्याचा जेवढा रेटा सोसावा लागतो तेवढा जाळीला लागत नाही.

आता राहिली सर्वांत मोठी गंमत. मनोरा कंबरेत बारीक आहे, त्याची कडा स्पष्ट वक्र दिसते. पण त्यात तळापासून वरपर्यंत गेलेला एकही अँगल वाकवलेला नाही. सर्व ८० सरळ आहेत. मग वक्रता आली कोठून?

हे समजायला नववीची भूमिती पुरते. दोन सारखी वर्तुळाकार कडी एकावर एक, थोड्या उंचीवर धरली आहेत असे समजा. खालच्या कड्यावरचा प्रत्येक बिंदू वरच्या कड्यावरच्या बरोबर डोक्यावरच्या बिंदूला सरळ काठीने जोडला तर दंडगोल होईल. आता वरचे कडे थोडे फिरवा. प्रत्येक काठी तिरपी झाली. या रचनेकडे बरोबर वरून पाहा. दोन्ही कडी एकाच वर्तुळासारखी दिसतील आणि प्रत्येक काठी त्या वर्तुळाची जीवा दिसेल. जीवेची टोके वर्तुळावर असतात, पण तिचा मध्य केंद्राच्या अधिक जवळ असतो. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो हे प्रमेय आपण शिकवतोच. तेव्हा प्रत्येक काठीचा मध्य अक्षाजवळ सरकला, टोके आपल्या जागी राहिली. सर्व काठ्यांचे मध्य मिळून एक लहान वर्तुळ झाले. तीच कंबर. काठी सरळच आहे. काठ्यांचा समुदाय तेवढा वक्र झाला आहे.

कड्याची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल आणि वरचे कडे ६० अंशांनी फिरवले, तर कंबरेची त्रिज्या ८.७ सेंटिमीटर होते. ९० अंशांना ती ७.१ होते, १२० अंशांना ५. दहावीचे विद्यार्थी अर्ध्या कोनाची कोसाइन वापरून हे आकडे स्वतः काढतील. १८० अंशांना कंबर शून्य होते आणि डमरूसारखे दोन शंकू उरतात. पोलिबिनोच्या मनोऱ्यात वरचे कडे खालच्यापेक्षा बरेच लहान आहे, म्हणून कंबर मध्यावर न येता वर सरकली आहे. तत्त्व मात्र तेच. या पृष्ठाला हायपरबोलॉइड म्हणतात, कारण त्याची बाजूची कडा अपास्त म्हणजे हायपरबोला या वक्राची असते.

हे पृष्ठ सरळ रेषांनी बनते, ही गोष्ट शुखोव्ह यांचा शोध नव्हे. लंडनचे सेंट पॉल कॅथेड्रल बांधणारे ख्रिस्तोफर रेन यांनी ती १६६९ साली सिद्ध करून छापली होती. पुढे ती भूमितीच्या पुस्तकांत गेली आणि पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनी ती परीक्षेपुरती पाठ केली. तिच्यावर ११४ टन पाणी ठेवता येईल हे सुचायला २२७ वर्षे लागली. शुखोव्ह यांनीही हा आकार विद्यार्थिदशेत भूमितीच्या वर्गातच प्रथम पाहिला होता. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. कचेरीत वेताच्या काड्यांची एक कचराटोपली उपडी पडली होती आणि कोणीतरी तिच्यावर जड कुंडी ठेवली होती. टोपली इतकी नाजूक असूनही दबली नाही, हे पाहून त्यांना मनोरा सुचला. न्यूटनच्या सफरचंदासारखीच ही गोष्ट आहे, तिच्यावर किती विश्वास ठेवायचा हे ज्याने त्याने ठरवावे. पण टोपली खरोखर दबत नाही हे नक्की. उत्तर भारतात बोरूच्या काड्यांचे मोढे मिळतात, कंबरेत बारीक आणि वर दोरीने विणलेले. त्या एकेका काडीला बोटाने मोडता येते, पण मोढ्यावर धिप्पाड माणूस खुशाल बसतो. ते कारागीर हीच भूमिती हाताने करत आले आहेत, कोणत्याही पेटंटाशिवाय. शुखोव्ह यांनी मात्र पेटंटासाठी ११ जानेवारी १८९६ रोजी अर्ज केला आणि ते १८९९ साली मिळवले.

सरळ अँगलांचा व्यवहारात फायदा काय, हे लोहाराला विचारावे. वाकवलेला लोखंडी भाग करायचा तर भट्टी हवी, साचा हवा, कारागीर हवा. सरळ अँगल गिरणीतून तयार येतो. तो मापाने कापायचा, भोके पाडायची आणि रिव्हेट ठोकायचे. असा मनोरा सुटा करून दुसऱ्या गावी नेऊन उभा करता येतो, हे पोलिबिनोनेच दाखवले.

शिबिरात आम्ही याचे प्रतिरूप करायला घेतले ते फसले, आणि त्या फसण्यातून अधिक शिकायला मिळाले. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, खराट्याच्या चोवीस काड्या, सर्व एकाच बाजूला कललेल्या. दिसायला फार सुंदर. एका बाईंनी वर पाण्याचा तांब्या ठेवला, आणि वरची चकती गर्रकन फिरत खाली आली. पाणी सतरंजीवर. थोडा विचार केल्यावर कारण लक्षात आले. काड्या एकाच दिशेने कललेल्या असतील तर वजनाखाली त्या आणखी कलू शकतात. त्यांना अडवणारे कोणीच नाही. मग दुसऱ्या चोवीस काड्या उलट बाजूने कलत्या लावल्या, ओलांडण्याच्या जागा दोऱ्याने बांधल्या. आता चकती फिरायला गेली की एक गट पुढे जाऊ पाहतो आणि दुसरा गट त्याला मागे ओढतो. तांब्या राहिला. नंतर त्याच बाईंनी पाण्याने भरलेली लहान कळशी ठेवली, तीही राहिली. तिसऱ्या प्रयोगाला कोणी परवानगी दिली नाही.

पोलिबिनोनंतर शुखोव्ह यांनी रशियात अशा जाळीच्या पाणीटाक्या अनेक गावांत आणि रेल्वे-स्थानकांवर उभारल्या. १९११ च्या सुमारास द्नीपर नदीच्या मुखाशी ६४ मीटर उंचीचे दीपगृह झाले. सर्वांत प्रसिद्ध झाला तो मॉस्कोचा शाबोलोव्का येथील रेडिओ मनोरा. त्याचा मूळ आराखडा ३५० मीटर उंचीचा होता आणि त्याला २२०० टन लोखंड लागणार होते. पॅरिसचा आयफेल मनोरा ३०० मीटरचा, त्यात सुमारे ७३०० टन लोखंड आहे. या दोन आकड्यांतले अंतरच या रचनेची किंमत सांगते. पण क्रांतीनंतरच्या यादवीत तेवढेही लोखंड देशात नव्हते. शेवटी सुमारे १५० मीटरवर समाधान मानावे लागले. एकावर एक सहा हायपरबोलॉइड बसवायचे होते. १९२१ च्या जूनमध्ये चौथा टप्पा वर खेचताना कोसळला. चौकशी झाली आणि शुखोव्ह यांना गोळी घालून मारण्याची शिक्षा ठोठावली गेली, मात्र ती तहकूब ठेवून. म्हणजे आधी मनोरा पुरा करा. अडुसष्ट वर्षांच्या या माणसाने मानेवर ती तलवार घेऊन काम पुरे केले. मार्च १९२२ मध्ये तेथून प्रक्षेपण सुरू झाले. तो मनोरा आजही उभा आहे. ओका नदीकाठी विजेच्या तारा नेण्यासाठी १९२९ साली बांधलेल्या १२८ मीटर उंचीच्या जोडीपैकी एक मात्र २००५ साली पाडला गेला, दुसरा राहिला.

हा आकार महाराष्ट्रातही आहे, आणि अनेकांनी तो रोज पाहिलेला आहे. कोराडी किंवा चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राजवळ कंबरेत बारीक असलेली प्रचंड धुराडी दिसतात. त्यांतून बाहेर पडतो तो धूर नव्हे, पाण्याची वाफ. ते पाणी थंड करण्याचे मनोरे आहेत. ते लोखंडी जाळीचे नाहीत, काँक्रीटच्या पातळ कवचाचे आहेत, आणि आकार निवडण्याची त्यांची कारणेही काहीशी वेगळी आहेत. त्यांविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

ज्यांना काड्यांच्या भानगडीत पडायचे नसेल त्यांनी दोऱ्याचे प्रतिरूप करावे. जाड पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांवर १० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून दर १५ अंशांवर एक, अशी चोवीस भोके पाडावीत. समोरासमोरच्या भोकांतून ३० सेंटिमीटर लांबीचे चोवीस दोरे ओवून वरची चकती टांगावी आणि खालच्या चकतीच्या मध्याला कुलूप किंवा दगड बांधावा. खालची चकती सहा भोकांइतकी, म्हणजे ९० अंश फिरवली की कंबर दिसते, आणि चकती वर उचलली जाते. चकत्यांमधले अंतर ३० वरून साडेसव्वीस सेंटिमीटर व्हायला हवे. पायथागोरसच्या प्रमेयाने ते का, हे विद्यार्थ्यांना काढू द्यावे. सोडल्यावर दोऱ्यांची चकती उलट फिरून सरळ होते, तर काड्यांची चकती आणखी फिरून कोसळते. या दोन्हींत ताण कोठे आणि दाब कोठे आहे, याचे उत्तर आम्ही येथे देत नाही. वर्गात जे उत्तर निघेल ते, आणि साडेसव्वीसऐवजी तुमच्याकडे किती आले ते, आम्हाला जरूर कळवावे.